मासा मेला नाही, एवढ्यावर तक्रार निकाली काढू नका

जिल्ह्यातल्या पाण्याच्या प्रदूषणावर आणि तलावांच्या मासेमारी ठेक्यांवर ज्यांच्या सहीने निर्णय होतात, त्या सर्व अधिकाऱ्यांना,

सविनय नमस्कार.

आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या तक्रारीवर आलेलं उत्तर दोन ओळींचं आहे. पाहणीच्या दिवशी तलावात मृत मासे आढळले नाहीत आणि पाण्याचा नमुना मत्स्यसंवर्धनास योग्य आढळला, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. त्याच्या मागोमाग दुसऱ्या कार्यालयातून दुसरं पत्र आलं. चालू वर्षाची ठेका रक्कम मुदतीत भरावी, न भरल्यास ठेका रद्द करण्यात येईल. पहिल्या पत्राने आमचं म्हणणं बाजूला सारलं आणि दुसऱ्याने त्याच तलावातून पूर्ण उत्पन्न निघतं असं धरून पैसे मागितले. संस्थेच्या सभेत दोन्ही पत्रं एकामागून एक वाचली गेली. त्यावर पुन्हा एक अर्ज लिहून आवक-जावकच्या टेबलावर ठेवायचा आणि वाट पाहायची, हे मला मान्य नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

आम्ही तक्रारीत मासे मेले असं लिहिलंच नव्हतं. नाल्यातून येणाऱ्या धातूंमुळे मासे वाढत नाहीत, अशी शंका लिहिली होती. या दोन गोष्टींतला फरक आपण समजून घ्यावा, एवढ्यासाठीच पुढचं सगळं आहे.

मी चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातल्या एका खेड्यात राहते. आम्ही ढिवर. वडील आणि काका अजूनही डोंग्यावर जातात, आई आठवडी बाजारात मासे विकते. मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आणि सध्या संस्थेचं दप्तर सांभाळते. दप्तरात सभासदांची यादी आहे, ठेक्याच्या पावत्या आहेत, मत्स्यबीजाची बिलं आहेत आणि वजनाची वही आहे. जाळं काढल्यावर किती मासा निघाला, कोणत्या जातीचा, साधारण नग किती वजनाचा, हे त्या वहीत लिहिलेलं असतं. वही व्यापाऱ्याशी हिशेब करण्यासाठी सुरू झाली. आज ती नाल्याच्या पाण्याबद्दलचा आमच्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे, आणि आपल्या पाहणीच्या वेळी ती कोणी उघडूनही पाहिली नाही.

संस्थेकडे दोन तलाव आहेत. वरचा तलाव मालगुजारांच्या काळातला, जंगलाच्या उतारावरून वाहून येणाऱ्या पाण्याने भरतो. खालचा तलाव नाल्याला बांध घालून केलेला. हा नाला वीज केंद्राच्या राखेच्या बंधाऱ्याच्या पायथ्याकडून येतो, वाटेत त्याला कोळसा खाणीतून उपसलेलं पाणी मिळतं, आणि तलावाच्या सांडव्यावरून पुढे तो वर्धा नदीकडे जातो. दोन्ही तलावांत आम्ही बीज टाकतो ते एकाच गाडीतून आलेलं. एकाच केंद्रातली बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं, एकाच दिवशी सोडलेली, हेक्टरी प्रमाणही सारखंच. वरच्या तलावात वर्षभरात कटला किलोच्या पुढे जातो, रोहू पाऊण किलो ते किलोपर्यंत भरतो. ही काही फार मोठी वाढ नाही, चांगल्या पाण्यात या जातींची साधारण वाढ एवढी असतेच. खालच्या तलावात त्याच गाडीतला रोहू याच्या निम्म्यावर अडतो. लांबी थोडीफार वाढते, पण अंग भरत नाही. डोकं मोठं, पाठ धारदार, पोट आत गेलेलं. तळाशी चरणारा मृगळ आणि सायप्रिनस यांची दशा तर आणखी वाईट. अधूनमधून कण्यात बाक असलेला मासा निघतो. पूर्वी या नाल्यात मिळणारे वाघूर आणि शिंगूर आता जाळ्यात क्वचितच दिसतात.

पाहणीला आलेल्या साहेबांनी तोंडी सांगितलं की बीज हलकं असेल, किंवा तुम्ही जास्त बीज टाकलं असेल. ही दोन्ही कारणं खरी असू शकतात, अनेक तलावांत असतातही. बीज जास्त झालं की मासे खुरटतात, हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण बीज हलकं असतं तर वरच्या तलावातही मासा खुरटला असता. संचयन जास्त असतं तर तेही दोन्हीकडे जास्त झालं असतं. दोन तलावांत ठळक फरक एकच आहे, आणि तो म्हणजे खालच्या तलावात येणारा नाला. एखाद्या प्रयोगशाळेने मुद्दाम मांडावा तसा हा प्रयोग आमच्या गावात दरवर्षी आपोआप मांडला जातो. त्याचे निकाल वहीत आहेत.

माशाचं आरोग्य पाहण्याची एक सोपी रीत मला महाविद्यालयात शिकवली गेली. माशाचं वजन ग्रॅममध्ये घ्यायचं, त्याला शंभराने गुणायचं, आणि लांबी सेंटिमीटरमध्ये घेऊन ती स्वतःशीच तीनदा गुणून आलेल्या आकड्याने भागायचं. याला स्थिती गुणांक म्हणतात. एकाच जातीच्या, जवळपास सारख्या लांबीच्या माशांमध्ये हा आकडा जितका कमी, तितका मासा आतून रोडावलेला. त्यासाठी तराजू, मोजपट्टी आणि मोबाइलमधलं गणकयंत्र पुरतं. खालच्या तलावातल्या रोहूचा हा आकडा वरच्या तलावातल्या रोहूपेक्षा सातत्याने खाली येतो. मी हे एकटीने केलेलं नाही, संस्थेच्या तरुण पोरांनी मोजमाप घेतलं आहे. आपल्या माणसांनी आमच्यासमोर एकदा हे करून पाहावं.

आता हे धातूंमुळेच होतं, असं मी का म्हणते? मी ते सिद्ध केलेलं नाही. ते सिद्ध करायची यंत्रं आपल्याकडे आहेत, आमच्याकडे नाहीत. पण संशय घ्यायला पुरेसं कारण आहे, आणि ते मी सविस्तर सांगते, कारण उत्तरात याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता.

आपल्याकडच्या कोळशात राख ३० ते ४५ टक्के असते. कोळशात शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम, सेलेनियम, पारा असे घटक अगदी थोड्या प्रमाणात असतात. कोळसा जळून जातो आणि हे घटक राखेत एकवटतात. पाऱ्याचा मोठा भाग धुरावाटे निघून जातो आणि पुढे कुठेतरी जमिनीवर, पाण्यावर उतरतो. राख पाण्यात कालवून बंधाऱ्यात सोडली की यातला काही भाग पाण्यात उतरतो, झिरपतो, पावसाळ्यात बंधारा भरून वाहिला की राखेसकट नाल्यात येतो. खाणीच्या पाण्याचं वेगळंच. कोळशासोबतच्या गंधकयुक्त खनिजाला हवा आणि पाणी लागलं की आम्ल तयार होतं, आणि आम्लात धातू लवकर विरघळतात.

असं पाणी माशाच्या अंगात शिरतं ते आधी कल्ल्यांतून. मासा दिवसरात्र कल्ल्यांवरून पाणी घेत असतो. कल्ल्यांच्या पातळ पापुद्र्यांना धातू लागला की त्यांच्यावर चिकट स्राव साचतो, पापुद्रे सुजतात, एकमेकांना चिकटतात, आणि त्याच पाण्यातून मिळणारा प्राणवायू कमी पडू लागतो. कॅडमियम तर कॅल्शियमच्याच वाटेने आत घुसतो आणि कॅल्शियमची वाट अडवतो, त्यामुळे हाडं नीट होत नाहीत. शिसं रक्त तयार होण्याच्या क्रियेत अडथळा आणतं आणि पुढे कण्याला बाक येतो. तांबं पाण्यात अगदी थोडं, लिटरमागे काही मायक्रोग्रॅम जरी वाढलं, तरी माशाची वास घेण्याची शक्ती मंदावते, आणि गढूळ पाण्यात वासावर खाणं शोधणाऱ्या माशाला ते महागात पडतं. शिवाय अंगात आलेला धातू बांधून ठेवण्यासाठी माशाचं यकृत एक खास प्रथिन तयार करतं. ते प्रथिन करायला लागणारं अन्न अंग वाढवण्याच्या वाट्यातून जातं.

या सगळ्यात मासा मरत नाही. तो जगतो, खातो, पोहतो, पण खाल्लेलं त्याच्या अंगी लागत नाही. वरून पाहणाऱ्याला तलाव ठीक दिसतो.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. कटला पाण्याच्या वरच्या थरातले बारीक जीव खाऊन वाढतो. पाण्यातल्या पिसवांसारखे ते बारीक जीव तांबं आणि कॅडमियम यांना माशापेक्षाही नाजूक असतात. म्हणजे धातू थेट कटल्याला लागला नाही, तरी त्याचं खाणं आधी संपतं. आणि तळाचा गाळ चाळून खाणाऱ्या मृगळाच्या पोटात धातू खाण्याबरोबरच जातो. दोघांची वाढ खुंटते, कारणं वेगळी.

राखेच्या पाण्याने काय होऊ शकतं याचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या बेल्यूज तलावाचं आहे. १९७० च्या दशकात कोळशावरच्या वीज केंद्राच्या राखेच्या तळ्यातलं पाणी या तलावात सोडलं जाऊ लागलं. त्यातला सेलेनियम पाण्यात लिटरमागे दहा मायक्रोग्रॅमच्या आसपासच होता. पण तो बारीक जीवांतून माशांत, माशांतून त्यांच्या अंड्यांत साठत गेला. पिल्लं वाकड्या कण्याची निघू लागली, मग निघेनाशी झाली. तलावातल्या २० पैकी १९ जाती नाहीशा झाल्या. आमच्या नाल्यातला वाघूर कमी झाला तेव्हाही इथे कोणाला मेलेल्या माशांचा खच दिसला नव्हता. म्हणून सेलेनियमची तपासणी आम्ही मुद्दाम मागतो आहोत.

आता आमच्या तक्रारी.

पहिली. आपण पाणी मत्स्यसंवर्धनास योग्य ठरवलं ते कोणत्या कसोटीवर? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वापरानुसार अ ते इ असे वर्ग केलेत. त्यातला चौथा, म्हणजे ड वर्ग, वन्यजीव आणि मासेमारीसाठी आहे. या वर्गाला निकष तीन: सामू (पाणी किती आम्ल वा अल्कली ते सांगणारा आकडा, पीएच) ६.५ ते ८.५ च्या दरम्यान, विरघळलेला प्राणवायू लिटरमागे ४ मिलिग्रॅम किंवा जास्त, आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. संपलं. यात शिसं नाही, कॅडमियम नाही, पारा नाही. आमच्या अहवालातही हेच तीन आकडे आहेत आणि तिन्ही चांगले आहेत. म्हणजे ज्या गोष्टीची आम्ही तक्रार केली ती सोडून बाकी सगळं तपासलं गेलं आणि त्यावरून आमची तक्रार खोटी ठरली. निकष आपण केलेले नाहीत, हे मला कळतं. पण तक्रार धातूंची असताना धातू तपासू नयेत असं कोणत्याही नियमात लिहिलेलं नाही.

दुसरी. नमुना घेतला तो बांधाजवळ उभं राहून, वरच्या पाण्याचा, हिवाळ्यात. त्या वेळी पाणी निवळ असतं. धातू पाण्यात फार काळ तरंगत राहत नाहीत. ते मातीच्या आणि राखेच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतात. पाण्याची बाटली कोरी निघते आणि खालचा गाळ भरलेला असतो. ज्या दिवशी नाला राखेसारखा करडा वाहतो तो दिवस पहिल्या मोठ्या पावसाचा. त्या दिवशी गावातला प्रत्येक माणूस नाल्याचा रंग पाहतो, तपासणीला मात्र कोणी येत नाही. आणि उन्हाळ्यात पाणी आटतं, तापतं, प्राणवायू कमी होतो, तेव्हा तेवढाच धातू माशाला जास्त भोवतो. तेव्हाही कोणी येत नाही.

तिसरी तक्रार अहवालाच्या भाषेबद्दल. आधीच्या एका अर्जावर आम्हाला दाखवलेल्या कागदात दोन धातूंसमोर ‘आढळले नाही’ असं लिहिलं होतं. यंत्राला कमीत कमी किती प्रमाण ओळखता येतं, तो आकडा शेजारी लिहिल्याशिवाय या शब्दांना काही अर्थ नाही. कॅडमियमसारख्या धातूची लिटरमागे एक मायक्रोग्रॅमच्या आसपासची मात्राही माशाला दीर्घकाळात त्रास देते. जे यंत्र त्याच्या दसपट प्रमाणाखाली पाहूच शकत नाही, त्याला काही आढळणार नाहीच. त्याच कागदात पुढे असंही होतं की धातू पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेत आहेत. माणसाला जे चालतं ते माशाला चालतंच असं नाही. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, जस्ताची मर्यादा लिटरमागे ५ मिलिग्रॅम आहे. गोड्या पाण्यातल्या जलचरांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने मध्यम जडपणाच्या (म्हणजे चुन्यासारखे क्षार मध्यम असलेल्या) पाण्यात जस्ताची मर्यादा साधारण ०.१२ मिलिग्रॅम ठेवली आहे. कुठे ५ आणि कुठे ०.१२! माणूस ते पाणी पोटात घेतो, मासा त्या पाण्यात श्वास घेतो. पिण्याच्या पाण्याचा निकष लावून माशाला सुरक्षित म्हणणं ही सरळ चूक आहे आणि ती दुरुस्त झाली पाहिजे.

चौथी, ठेक्याची. ठेका रक्कम जलक्षेत्रावर ठरते, बीज किती टाकायचं तेही जलक्षेत्रावर ठरतं. पाण्याचा दर्जा कुठेच मोजला जात नाही. निम्म्या वजनाचा मासा विकून पूर्ण बीजाचे आणि पूर्ण ठेक्याचे पैसे भरायचे. बारीक माशाला भाव कमी मिळतो, म्हणजे निम्म्या वजनाला निम्मे पैसेही येत नाहीत. काही सभासदांनी ठेका भरायला बचत गटातून कर्ज उचललं आहे. यावर मी जास्त लिहीत नाही, आकडे आपल्याकडे आहेत.

पाचवी तक्रार सगळ्यात गंभीर आहे आणि तिच्याबद्दल बोलायला आम्हीच आजवर कचरत होतो. हा मासा कोण खातं?

व्यापारी खालच्या तलावातला खुरटलेला मासा उचलत नाही. तो आमच्या घरात शिजतो. बाजार उठताना उरलेला वाटा शेजारच्या मजुरांच्या वस्तीत स्वस्तात जातो. बारीक मासा आम्ही डोक्यासकट, काट्यासकट खातो, उरला तर वाळवून ठेवतो आणि पावसाळ्यात खातो. धातू अंगात सगळीकडे सारखे साठत नाहीत. कॅडमियम यकृतात आणि मूत्रपिंडात जास्त साठतो, शिसं कल्ल्यांत आणि हाडांत. मोठ्या माशाचा मांसाचा तुकडा खाणाऱ्याच्या ताटात हे भाग येत नाहीत, बारीक मासा अख्खा खाणाऱ्याच्या ताटात सगळे येतात. पारा याच्या उलट. गाळातले जिवाणू त्याचं सेंद्रिय रूप करतात, ते मांसातच बसतं, कातडी काढून किंवा शिजवून ते जात नाही. आणि ते सगळ्यात जास्त साठतं मरळीसारख्या, दुसरे मासे खाणाऱ्या माशात. आमच्याकडे बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्याला मरळ आवर्जून देतात.

यात भर म्हणजे खुरटलेला मासा वजनाने लहान असला तरी वयाने लहान नसतो. वरच्या तलावातला पाव किलोचा रोहू काही महिन्यांचा असतो, खालच्या तलावातला पाव किलोचा रोहू कदाचित त्याच्या दुप्पट काळ त्या पाण्यात राहिलेला असतो. तेवढा काळ त्याच्या अंगात साठवण चालू असते.

माझी वहिनी गरोदर आहे. गर्भातल्या बाळाच्या मेंदूला पाऱ्याच्या सेंद्रिय रूपापासून आणि शिशापासून सगळ्यात जास्त धोका असतो, हे मी पुस्तकात वाचलं आहे. तिला मी मासे खाऊ नकोस म्हणू की खा म्हणू? मासा हे आमच्या घरातलं सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात स्वस्त पोषण आहे. तो बंद केला तर त्याच्या जागी काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही. माशातल्या शिशासाठी अन्न सुरक्षा नियमांत किलोमागे ०.३ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, कॅडमियम आणि पारा यांच्याही मर्यादा आहेत. आमच्या तलावातला एक मासा कधी त्या मर्यादेशी ताडून पाहिला गेला का? आम्हाला तरी तसा कागद कधी मिळालेला नाही.

हे पत्र लिहू नये, असं संस्थेतल्या काही जाणत्या माणसांचं म्हणणं होतं. त्यांची भीती खरी आहे. उद्या बाजारात कोणी म्हणेल की या गावचा मासा विषारी आहे, आणि वरच्या तलावातला चांगला मासाही पाटीत पडून राहील. माझ्या आईला त्याची झळ पहिल्यांदा बसेल. तरी सभेने शेवटी परवानगी दिली, कारण न बोलण्याची किंमत आम्ही रोज भरतोच आहोत. वाचकांना माझी एवढीच विनंती आहे की जिल्ह्यातला सगळा मासा यात ओढू नका. वरच्या तलावासारखे शेकडो जुने तलाव आपल्या पूर्व विदर्भात आहेत आणि त्यांतला मासा उत्तम आहे. म्हणूनच तपासणी हवी आहे. कोणता तलाव चांगला आणि कोणता बिघडलेला हे कागदावर आलं, तर चांगल्या माशाला उलट आधार मिळेल.

हा जिल्हा काही आज पहिल्यांदा या चर्चेत येत नाही. २००९ साली देशातल्या औद्योगिक क्षेत्रांच्या प्रदूषणाची गुणानुक्रमे यादी निघाली तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथ्या क्रमांकावर होतं. त्यानंतर काही काळ नव्या प्रकल्पांना बंदी होती, मग ती उठली. राखेबद्दलची पहिली केंद्रीय अधिसूचना १९९९ ची, आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार वीज केंद्रांनी आपली राख शंभर टक्के वापरात आणायची आहे. नियमांची कमतरता नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याने प्रदूषणाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात जलचरांच्या जीविताला आणि आरोग्याला अपाय करणारं पाणीही बसतं. आरोग्य म्हणजे वाढही आली. त्यामुळे मृत मासे आढळले नाहीत, हे त्या कायद्याखाली तक्रार बंद करण्याचं कारण होऊ शकत नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

बंद केलेली तक्रार पुन्हा उघडा आणि तसं लेखी कळवा.

दोन्ही तलावांतला, नाल्याच्या मुखाशी आणि बंधाऱ्याच्या पायथ्याशी असलेला गाळ तपासा. नुसतं पाणी नको. माशांचे यकृत, मूत्रपिंड, कल्ले आणि मांस वेगवेगळे तपासा, निदान रोहू, मृगळ आणि मरळ या तीन जातींचे. शिसं, कॅडमियम, पारा, आर्सेनिक, क्रोमियम, तांबं, जस्त आणि सेलेनियम, एवढ्यांची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत व्हावी आणि प्रत्येक आकड्याशेजारी यंत्राची शोधमर्यादा लिहावी. वरचा तलाव तुलनेसाठी धरावा. हे एकदा करून भागणार नाही. उन्हाळ्यात पाणी कमी असताना, पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि हिवाळ्यात, असं तीनदा व्हावं. प्रत्येक वेळी संस्थेचा एक आणि ग्रामपंचायतीचा एक माणूस हजर असावा आणि नमुन्याच्या मोहोरबंद पाकिटावर त्यांची सही असावी.

माशांची लांबी-वजनाची नोंद अधिकृत पुरावा म्हणून स्वीकारा. आम्ही मोजून देऊ, आपण कधीही येऊन पडताळून पाहा.

अंतिम निकाल येईपर्यंत खालच्या तलावाची ठेका रक्कम स्थगित ठेवा, बीज टाकण्याची सक्ती करू नका, आणि या कारणावरून ठेका रद्द करू नका. पाण्यात दोष निघाला तर मागच्या वर्षांच्या ठेक्यात सूट देण्याचा विचार व्हावा, आणि नुकसानीची भरपाई ज्याच्या राखेने पाणी बिघडलं त्याच्याकडून घ्यावी. सरकारी तिजोरीतून नको.

मृग लागण्याच्या आत बंधाऱ्याच्या पायथ्याची पाहणी करून झिरपणारं पाणी अडवून ते पुन्हा केंद्रातच वापरलं जाईल अशी व्यवस्था करायला लावा. ही व्यवस्था नवी नाही, राखेचं पाणी फिरवून वापरण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. पावसाळा सुरू झाल्यावर या कामाचा उपयोग नाही.

निकाल मराठीत, साध्या शब्दांत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि १ मेच्या ग्रामसभेत आपल्यापैकी कोणीतरी येऊन वाचून दाखवा. त्यात गरोदर बायांनी आणि लहान मुलांनी कोणता मासा खावा, किती खावा, माशाचा कोणता भाग टाकून द्यावा, हे आरोग्य खात्याच्या माणसाने स्पष्ट सांगावं. १ मेपर्यंत उन्हाळी नमुन्यांचे निकाल येऊ शकतात, काम आता सुरू झालं तर.

आणि शेवटची मागणी वरच्या पातळीवर पोहोचवण्यासाठी. जिथे राखेचं किंवा खाणीचं पाणी मासेमारीच्या तलावात वा नदीत येतं, तिथे सामू, प्राणवायू आणि अमोनिया एवढ्यावर पाणी योग्य ठरवू नये, धातूही पाहावेत, अशी शिफारस आपल्या कार्यालयाने शासनाकडे पाठवावी. आमचा नाला वर्धेला मिळतो, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि ती गोदावरीला जाते. या काठांवर आमच्यासारख्या कितीतरी संस्था आहेत, त्यांच्याही वह्या असतील. त्यांनी आपापल्या नोंदी बाहेर काढाव्यात, मोजमाप कसं घ्यायचं ते आम्ही शिकवायला तयार आहोत.

नमुने घ्यायला याल तेव्हा संस्थेचा डोंगा, जाळी आणि माणसं हजर राहतील, त्याचा कसलाही खर्च आपल्याकडे मागणार नाही. वजनाच्या वहीची प्रत देऊ, मूळ वही संस्थेतच राहील. बाजाराचा दिवस सोडून कोणत्याही दिवशी या, फक्त आदल्या दिवशी निरोप द्या, म्हणजे पहाटे जाळं टाकून ठेवता येईल. तीस दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर जल प्रदूषण कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे कोर्टात तक्रार करण्याआधी नागरिकाने द्यायची असलेली साठ दिवसांची नोटीस संस्थेच्या वतीने दिली जाईल. तसा ठराव सभेत मंजूर झाला आहे आणि त्याची प्रत या पत्रासोबत आपल्याकडे पाठवली आहे.

आपली,
मच्छीमार सहकारी संस्थेची एक सभासद,
चंद्रपूर जिल्हा